वॉटर कूलिंगच्या रेडिएटरची आतून सफाई: समुद्राकाठी राहणाऱ्यांनी कशी करावी?

मिऱ्याकाठचा

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरला कस्टम लूप, म्हणजे पाणी फिरवून चिप थंड ठेवायची स्वतः जुळवलेली जोडणी, बसवतोय. चिपवर बसणारा ब्लॉक, पंप, पाण्याची टाकी (रिझर्व्हॉयर) सगळं हाताशी आहे, घोडं अडलंय ते रेडिएटरपाशी.

रेडिएटर दोन आहेत. एक ३६०चा (मिलिमीटर, तीन पंख्यांचा), नवा कोरा, तांब्याच्या चपट्या नळ्या आणि दोन्ही टोकांना पितळी टाक्या. दुसरा २४०चा, वापरलेला. आधीच्या मालकाने त्यात दुधट रंगाचं कूलंट भरलं होतं. नव्यात थोडं पाणी घालून हलवलं आणि पांढऱ्या बशीत ओतलं, तर काळपट कण, एक-दोन चकचकीत मणी आणि वर तेलकट तवंग. जुन्यातून नुसता पांढरा गाळ.

व्हिडिओ बघावेत तर सगळे सांगतात की आधी नळाखाली धरा, मग शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवा. आमच्याकडे नळ म्हणजे विहिरीची टाकी, आणि विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात पाणी गोड असतं, पण शिमगा झाला की मचूळ लागायला लागतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आज ६२० दाखवतोय. हे पाणी आत घालावं का? ॲसिड कुठलं वापरावं? परदेशी किट इथे कुरिअरने यायला वेळ लागतो आणि भावही झेपत नाही.

---

नुसतावाचक

भाऊ, तुमच्याकडे चोवीस तास खारा वारा वाहतोय, खिडकी उघडा की! एवढा खटाटोप कशाला?

---

मिऱ्याकाठचा

खिडकी उघडली की मदरबोर्डला मीठ लागतं हो. रात्रभर रेंडर चालतं आणि खोलीत बाळ झोपलेलं असतं. पंख्यांचा आवाज कमी करायचाय, एवढाच हेतू.

---

कल्हईवाला

नव्या रेडिएटरमधून निघालेली घाण म्हणजे कारखान्यातला डाख आणि फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन). नळ्या टाक्यांना डाख देऊन जोडतात. चकचकीत मणी हे डाखाचे थेंब, काळपट ते जळलेलं फ्लक्स. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चांगल्या कंपनीच्या मालातही निघतं. पण ते तसंच ठेवलं तर सीपीयू ब्लॉकमध्ये जाऊन बसतं. ब्लॉकच्या आतल्या खाचा केसासारख्या बारीक असतात, लूपमधली सगळ्यात अरुंद जागा तीच. म्हणजे रेडिएटर नकळत ब्लॉक तुंबवतो आणि दोष चिप आणि ब्लॉकमधल्या पेस्टला दिला जातो.

हलवायची रीत सांगतो. पूर्ण भरू नका, अर्धाच भरा. गच्च भरलेल्या रेडिएटरमध्ये पाणी हलतच नाही, आत हवा असली तरच ते आपटतं आणि कण सुटतात. दोन्ही भोकांना जी १/४ चे (या भोकांच्या आट्याचं माप) प्लग लावा आणि डावीउजवीकडे, मग वरखाली हलवा. बहुतेक रेडिएटरची दोन्ही भोकं एकाच टाकीवर असतात आणि मधे पडदा असतो. पाणी एका अर्ध्यातून जातं, दुसऱ्या टोकाच्या टाकीत वळतं आणि दुसऱ्या अर्ध्यातून परत येतं. कण त्या लांबच्या टाकीत बसतात. म्हणून ओतताना भोकं सरळ खाली धरा, आणि एकदा या भोकातून तर एकदा त्या भोकातून ओता. लांबच्या टोकाला जादा भोक दिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, तेही उघडा.

पाणी गरम हवं, साधारण ६० अंशांपर्यंत. आणि एक ध्यानात ठेवा, उष्णता बाहेर टाकणं हेच या वस्तूचं काम आहे. गरम पाणी आत गेलं की क्षणात अख्खा रेडिएटर चटका देतो. जाड टॉवेलात धरा, पण फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्या) दाबू नका.

ओतलेलं पाणी पांढऱ्या पंच्यातून गाळा. कण किती निघतात ते पंच्यावर दिसतं, बशीत चुकतं.

---

सोलकढी_ओव्हरक्लॉक

ॲसिडसाठी एवढं लांब कशाला जायचं? घरची तांब्या-पितळेची भांडी आपण आमसुलांनी लख्ख करतोच ना. रेडिएटरही तांबं-पितळच. कोकमाचं आगळ पातळ करून आत फिरवलं तर?

---

तळाशीलचो_झील

मेल्या, तां आगळ सोलकढीक ठेव! रेडिएटरात कित्याक घालतंस?

---

रसायनमास्तर

झिलाने उत्तर दिलं आहेच, मी कारण सांगतो. कोकमातली आम्लं तांब्यावरचा काळा थर काढतात हे खरं. पण आगळ मीठ घालून टिकवतात, आणि आमसुलांनाही मिठाचा हात असतोच. भांडं घासलं की आपण ते भरपूर पाण्याने धुतो, उन्हात पालथं घालतो. रेडिएटरच्या आत हात जात नाही. मीठ राहिलं तर राहिलं. शिवाय गर त्या चपट्या नळ्यांत अडकला की बुरशीची सोय झालीच.

इथे खरा शत्रू क्लोराइड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हवेत किंवा शुद्ध पाण्यात तांब्यावर जो तपकिरी-काळपट थर चढतो तो ऑक्साइडचा. तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. तांबं काळवंडलं म्हणजे घाण झालं असं नाही, तो थर घालवण्याच्या नादाला लागू नये. क्लोराइड मात्र हा थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे खड्डे पाडायला लागतं. रेडिएटरच्या नळीचा पत्रा किती पातळ असतो ते तुटका रेडिएटर बघितलेल्यांना माहीत आहे. भोकाशी हिरवट-निळसर पूड दिसली तर समजावं की आत क्लोराइड किंवा आम्ल उरलेलं आहे.

आता गंमत अशी की नव्या रेडिएटरमध्येही क्लोराइड असतं. कल्हईवाला नवसागर टाकतो तो अमोनियम क्लोराइड. डाखकामाच्या फ्लक्समध्येही सहसा झिंक क्लोराइड, नवसागर असलीच क्षारं असतात. झिंक क्लोराइड पाण्यात विरघळतं, पण भरपूर पाणी पडलं की त्यातलं काही एक पांढरट, न विरघळणारा साका होऊन भिंतीला धरतं. तो साका नुसत्या पाण्याने जात नाही, सौम्य आम्लाने जातो. नव्या रेडिएटरला आम्ल दाखवायचं ते यासाठी, चकाकी आणण्यासाठी नव्हे.

ते किट म्हणता ना, त्यांपैकी ब्लिट्झ नावाच्या किटमधलं रेडिएटरसाठीचं पहिलं द्रावण फॉस्फोरिक आम्लाचं असतं. घरगुती पर्याय म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं, त्यात मीठ नसतं, गर नसतो. अर्धा लिटर कोमट शुद्ध पाण्यात सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण एक टक्का. रेडिएटरमध्ये घालून पंधरा-वीस मिनिटं अधूनमधून हलवा आणि ओतून टाका. पाणी फिकट निळसर-हिरवं आलं तर तांब्याचा ऑक्साइड विरघळला असं समजा. पुरे. रात्रभर ठेवायचा मोह आवरा. जास्त वेळ आम्लात ठेवलं की पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि उरतं ते तांबूस, सच्छिद्र, कमकुवत.

व्हिनेगरही चालतं, निम्मं पाणी घालून आणि तेवढाच वेळ. रंग घातलेलं नको.

नंतर एक-दोनदा पाण्याने विसळून खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवा, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं. पण आम्ल आत असताना सोडा घालून प्लग लावू नका. कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जागा छोटी आहे. भोकं उघडी असू द्यात.

हे सगळं रेडिएटर लूपमधून सुटा काढूनच करायचं. निकेलचा मुलामा दिलेला ब्लॉक, ॲक्रिलिकचा रिझर्व्हॉयर, पंप यांच्या वाटेला आम्ल जाता कामा नये.

---

घाटावरचा_अण्णा

मास्तरांचा आदर राखून सांगतो, मी पुण्यात कैक वर्षं नळाखालीच धुतोय. शेवटी डिस्टिल्ड फिरवतो. आजवर एकही रेडिएटर सडलेला नाही. कोकणातली मंडळी उगाच बाऊ करतायत.

---

रसायनमास्तर

अण्णा, तुमचं पाणी धरणातलं, यांचं समुद्रालगतच्या विहिरीतलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात बहुतांश मीठच. उन्हाळ्यात उपसा वाढला की खारं पाणी किनाऱ्याच्या विहिरींत शिरतं. मीटरवरचे ६२० हे पुण्यात कॅल्शियमचे असतील तर केटलीत पांढरा थर बसतो. इथले ६२० जर मिठाचे असतील तर गोष्ट वेगळी. मीटर आकडा दाखवतो, क्षार कुठला ते सांगत नाही. मचूळ चव सांगते.

उलट जांभ्याच्या कातळावरच्या, समुद्रापासून लांबच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मऊ असतं. क्षार कमी, पण थोडं आम्लधर्मी आणि कधी लोह असलेलं. ते पहिल्या खळखळीला खुशाल वापरा. एकाच तालुक्यात दोन घरांना दोन सल्ले द्यावे लागतील.

---

मिऱ्याकाठचा

म्हणजे माझ्या विहिरीचं पाणी पहिल्या फेरीलासुद्धा नको? मग पाणी आणायचं कुठून? घरी आरओ आहे, एसीचं पाणी बादलीत जमतं, आणि पावसाळा तोंडावर आला आहे.

---

इन्व्हर्टर_दादा

पाण्याचा प्रश्न माझ्या प्रांतातला. कोकणात वादळी पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, घरोघरी इन्व्हर्टर, त्यामुळे बॅटरीचं पाणी गावोगावी मिळतं. पाच लिटरचा कॅन घ्या. त्याला डिस्टिल्ड म्हणतात, पण बहुतेक ते डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी असतं. या कामाला दोन्ही सारखंच. दुकानात मीटर घेऊन जा, आकडा एक अंकी आला तरच घ्या. आणि लेबल वाचा! त्याच फळीवर तसल्याच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड असतं, तेही पाण्यासारखंच दिसतं.

आरओ पहिल्या फेऱ्यांना ठीक. मात्र बऱ्याच मशिनांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो, त्यामुळे खाऱ्या विहिरीवरच्या आरओचा आकडा आपल्याला वाटतो तेवढा खाली येत नाही. मोजून बघा.

एसीच्या पाण्याचा आकडा छान दिसतो, म्हणून लोक फसतात. ते कॉइलवरच्या धुळीतून आणि बुळबुळीत ट्रेमधून आलेलं असतं. आणि किनाऱ्यावरच्या कॉइलवर मीठ बसलेलं असतंच. पावसाचं म्हणाल तर पागोळीचं अजिबात नको, कौलांवरचं शेवाळ आणि कावळ्यांचा प्रसाद त्यात असतो. उघड्यावर धरलेलं बरं, पण समुद्रावरून वारा असेल तर त्यातही थोडं मीठ येतं. पहिल्या विसळण्याला वापरा, शेवटच्याला नाही.

एकाने मला दवाखान्यातली सलाइनची बाटली चालेल का म्हणून विचारलं होतं. त्यात ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम. नमस्कार केला.

---

हापूस_पेटी

पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच-सहा फेऱ्यांत संपला. मग किती कॅन लागणार?

---

रसायनमास्तर

एक पुरतो, हिशेबाने वापरला तर. धरून चालू की ओतल्यावरही रेडिएटरमध्ये २० मिली पाणी अडकून राहतं आणि त्याचा टीडीएस ६२० आहे. आता २०० मिली शुद्ध पाणी घालून हलवलं आणि ओतलं. आत उरलेले २० मिली आता अकरा पट पातळ, म्हणजे ५६. पुन्हा २०० मिली, ५ वर आलं. तिसऱ्यांदा, अर्ध्यावर. एकूण पाणी गेलं ६०० मिली.

तेच ६०० मिली एकदम घातलं असतं तर ३१ पट पातळ होऊन आकडा २० वर थांबला असता. पाणी तेवढंच, फरक चाळीस पट. वापरलेल्या पाण्याचे स्वतःचे दोन-तीन त्यात धरा. म्हणून थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. आणि दर वेळी नीट निथळू द्या, कारण सगळा हिशेब त्या उरलेल्या २० मिलीवर आहे. तिथे आळस केला आणि ६० मिली राहिलं तर गणित बिघडलं.

केव्हा थांबायचं ते मीटर सांगेल. आत घातलेल्या पाण्याचा आकडा आणि बाहेर आलेल्या पाण्याचा आकडा जवळजवळ सारखा आला, पंच्यावर कण नाहीत, की झालं. कशाने धुतलं यावर लोक पानंच्या पानं भांडतात. माझ्या मते शेवटचं पाणी कुठलं होतं यावरच रेडिएटरचं आयुष्य ठरतं.

---

घाटावरचा_अण्णा

हा हिशेब पटला. मी आजवर बादलीभर एकदम ओतत होतो. तरी पुण्याच्या नळाला नावं ठेवू देणार नाही.

---

हर्णैचा_इंजिनवाला

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितोय. बोटीच्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर असतो, एका बाजूने समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूने कूलंट. त्यात आम्ही जस्ताची कांडी बसवतो. खारं पाणी आधी ती कांडी खातं, बाकीचा धातू वाचतो. कांडी संपली आणि बदलली नाही की मग खरं नुकसान.

तुमच्यात कुणी तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला तर ती कांडी म्हणजे तुमचा रेडिएटर. पाण्यात थोडं जरी मीठ असलं तरी काम जोरात होतं.

आणखी एक. गाडीच्या रेडिएटरवाल्याकडे हे घेऊन जाऊ नका. तो कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवेल नाहीतर आतून सळई घालेल. त्याच्या मालाला ते सोसतं, तुमचा रंग तरी जाईल नाहीतर नळी तरी. आणि बाथरूमचं ॲसिड तर नकोच नको, ते हायड्रोक्लोरिक. मीठ काढायला मिठाचाच बाप आत घालायचा?

---

मिऱ्याकाठचा

काका, कांडीवरून एकदम डोक्यात शिरलं. माझे दोन्ही तांबं-पितळेचे आहेत, लोहचुंबक आणि चाकूचा ओरखडा दोन्ही करून बघितलं.

जुन्या २४०चं काय करू? लिंबूसत्व घालून काही पांढरं पाणी यायचं थांबत नाही.

---

कल्हईवाला

लोहचुंबक ना तांब्याला चिकटतो ना ॲल्युमिनियमला, त्यामुळे त्याचं श्रेय ओरखड्याला द्या :)

तो पांढरा गाळ म्हणजे दुधट कूलंटमधली रंगाची भुकटी. ती आम्लात विरघळणारी नाही. लूप बंद पडून राहिला की ती खाली बसते आणि घट्ट होते. मऊ पीव्हीसी नळ्या असतील तर त्यांतून निघणारं प्लास्टिसायझरही (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) त्यात चिकट भर घालतं. इथे आम्लाऐवजी साबणाच्या जातीचं काहीतरी लागतं. ब्लिट्झचं दुसरं द्रावण तसलंच, अल्कधर्मी. घरी करायचं तर गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. त्याहून जास्त टाकलंत तर फेस काढता काढता कॅन संपेल.

हलवून भागत नसेल तर पाणी फिरवा. फिशटँकचा बुडणारा छोटा पंप बादलीत ठेवा, नळी रेडिएटरला, परतीच्या नळीच्या तोंडाला पंचा बांधा आणि तासभर चालू ठेवा. मग नळ्या उलट जोडून पुन्हा तासभर. दिशा बदलली की अडकलेला गाळ सुटतो. कूलरची मोटरही चालते, पण आपल्या दमट हवेत डेझर्ट कूलर असतो कुणाकडे? घाटावर कुणी पाहुणा असेल तर मागवा.

एवढं करूनही एखादा भाग गरम पाणी घातल्यावर थंडच लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. हात फिरवून समजतं. तसा असेल तर त्याचा नाद सोडा.

---

सोलकढी_ओव्हरक्लॉक

बरं, कोकम नको तर नको. शेवाळ येऊ नये म्हणून मोरचूद तरी चालेल का? पोफळीवर फवारायला घरात आहेच. आणि एआयओ, म्हणजे कारखान्यातूनच भरून बंद करून येणारा तयार लूप, उघडून असंच धुतलं तर?

---

रसायनमास्तर

मोरचुदाची कल्पना तुमची नव्हे, लूपमध्ये टाकायच्या काही जंतुनाशकांत कॉपर सल्फेट असतंच, अगदी थेंबाच्या मापाने. पण फवारणीचा मोरचूद शुद्ध नसतो आणि चिमटीचा अंदाज इथे चालत नाही. लूपमध्ये ॲल्युमिनियम असेल तर तांबं त्याच्यावर जाऊन बसतं आणि झीज सुरू होते. त्यापेक्षा गंजरोधक आणि जंतुनाशक दोन्ही असलेलं तयार स्वच्छ कूलंट घ्या.

एआयओ उघडू नका. त्यांचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉकचा तळ तांब्याचा. आतल्या गंजरोधकावर ते चाललेलं असतं. वर लिहिलेलं लिंबूसत्वाचं प्रकरण ॲल्युमिनियमसाठी नाही.

आम्लाचं वापरलेलं पाणी मोरीत ओतू नका, आपल्याकडे मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जातं. त्यात तांबं उतरलेलं आहे. बादलीत सोडा टाका, फेस थांबला की भरपूर पाणी घालून संडासात.

---

मिऱ्याकाठचा

कळवतो. ३६०चं काम झालं. कॅनचं पाणी मीटरवर ३, शेवटच्या फेरीतून बाहेर आलेलं ४. पंचा कोरा. लिंबूसत्वाच्या फेरीत पाणी खरंच निळसर आलं, आणि त्यानंतर तवंग दिसला नाही.

२४० मासळीच्या टाकीच्या पंपावर फिरतोय. गाळ कमी झालाय, पण एका कोपऱ्यातल्या नळ्या अजून गारच लागतात.

दोन शंका. एक, गळती तपासायला महागडा टेस्टर घ्यायचा का? दुसरी, ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक मुंबईहून गणपतीला येणाऱ्या भावाबरोबर येईल, तोवर धुतलेला रेडिएटर पावसाळाभर कसा ठेवू?

---

इन्व्हर्टर_दादा

टेस्टर नको. ब्लड प्रेशरचं काट्याचं यंत्र घरात असेल तर त्याची नळी पट्ट्यापासून सोडवून रेडिएटरच्या बार्बला (नळी बसवायच्या तोटीला) जोडा, बाकीची भोकं बंद. फुगवून काटा २०० वर न्या आणि अर्धा तास बघा. त्याची पूर्ण धाव ३०० म्हणजे जेमतेम ०.४ बार, त्यामुळे रेडिएटरला इजा होण्याचा प्रश्न नाही. सायकलचा पंप लावू नका, तो कुठवर दाब नेईल कळणार नाही. काटा हळूहळू उतरला तर आधी प्लगच्या रबरी रिंगा बघा, बहुतेक वेळा तिथेच असतं.

---

कल्हईवाला

ठेवायचं म्हणाल तर अर्धवट ओला ठेवू नका, हवा आणि ओलावा एकत्र असले की तांबं सगळ्यात जास्त झिजतं. आपल्या पावसाळ्यात तो आपणहून सुकणारही नाही. त्यामुळे कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात ते तयार कूलंट मिसळून काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही प्लग घट्ट लावा. बाहेरून फिन्स कोरड्या फडक्याने पुसून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. गणपतीत उघडाल तेव्हा ते पाणी पांढऱ्या बशीत ओतून बघा. रंग बदललेला नसेल तर एकदा विसळून सरळ लूपला जोडा.

२४०चा तो गार कोपरा आणखी दोन वेळा दिशा बदलूनही तसाच राहिला तर भंगारात द्या. तांब्या-पितळेला भाव चांगला मिळतो.